एचेव्हेरिया घरात ठेवताय? आधी पाण्याचा हात आवरा

एचेव्हेरिया, म्हणजे गुलाबासारखी दिसणारी जाड पानांची ही वनस्पती, मेली तर बहुधा जास्त पाण्यानेच मरते, तहानेने क्वचित. ‘आठवड्याला एक कप’ हा हिशेब सोडा. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. कोरडी निघाली तरच पाणी द्या, तेही खालच्या भोकातून वाहेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून टाका. पाकळ्यांसारख्या पानांच्या मधोमध पाणी साचलं तर गाभा कुजतो, म्हणून कडेने मातीतच घाला.

पानं सुरकुतली आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. पिवळट, पारदर्शक, लिबलिबीत झाली तर मुळं कुजताहेत. अगदी तळाची एखाददुसरी वाळणारच.

कुंडीत निम्मं साधं कुंडीमिश्रण, निम्मा परलाइट (हलके पांढरे दाणे) किंवा जाडसर वाळू. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. तळाशी खड्यांचा थरही नको. निचरा वाढत नाही, उलट ओल मुळांजवळ अडते.

खोड लांबून पानं विरळ झाली म्हणजे उजेड कमी पडतोय. लांबलेलं खोड परत आखूड होत नाही. शेंडा २-३ सेंमी देठासह कापा, ४-५ दिवस सावलीत सुकवा, मग कोरड्या मिश्रणात खोचा. उरलेलं बुड फेकू नका, त्याला पिल्लं फुटतात. खिडकीच्या उन्हाची सवय मात्र ८-१० दिवसांत हळूहळू लावा, नाहीतर पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत.

पानांवरची पांढरट भुकटी पुसू नका, ते मेणाचं संरक्षण आहे. पण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. कुंडी लगेच वेगळी ठेवा.