ताई-ची : इतकं हळू करून काय होतं?

प्रश्न : मी सध्या मुलाकडे सिंगापूरला आलेय, वय ६३. बिल्डिंगखालच्या बागेत रोज सकाळी चिनी आजी-आजोबा अगदी संथपणे हात फिरवत असतात, सून म्हणते आई तुम्ही पण जा. पण एवढ्या हळू व्यायाम होतो का? आणि मन शांत होतं, स्वभाव सुधारतो म्हणतात ते खरंय का हो?

उत्तर : जा की बिनधास्त! हळू आहे म्हणून सोपं समजू नका, गुडघे किंचित वाकवून सगळं वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा पाय रिकामा झाला की मगच उचलायचा आणि टाच अलगद टेकवायची, दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. ते बहुतेक २४ हालचालींचा संच करत असतील, १९५६ साली चीनमध्ये ताई-चीच्या 'यांग' नावाच्या शैलीवरून सोपा करून बसवलेला, पाच-सहा मिनिटांत होतो. उतारवयात तोल सांभाळायला याचा चांगला उपयोग होतो, फक्त गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मनाचं म्हणाल तर पुढची हालचाल आठवण्यातच डोकं इतकं गुंततं की बाकीची टेन्शनं आपोआप मागे पडतात. स्वभावाचं जरा वेगळं आहे... मुळात ताई-ची ही लढायची विद्या, जोडीने करायच्या 'तुई-शौ'मध्ये मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर अंगावर न घेता वळवायचा असतो, आणि जो चिडून ढकलतो त्याचाच तोल जातो. पण नुसते हात फिरवून कोणी संत होत नाही हं, आमच्या ओळखीतले एक काका कित्येक वर्षं करतायत आणि पार्किंगवरून अजून भांडतात.