घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, पावसाळ्यात गोचीड फार होतात आणि वासही येतो. अंघोळ किती वेळा घालावी आणि घरगुती उपाय कोणते?

आमच्याकडेही एक लॅब (लॅब्रेडोर कुत्रा) आहे आणि एक मांजर, म्हणून अंघोळीच्या आधी हे सांगते की कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, थेंबभरसुद्धा नाही. कुत्र्याच्या बऱ्याच स्प्रेमध्ये, पावडरीत आणि मानेवर सोडायच्या थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजराच्या लिव्हरला ते पचवून बाहेर टाकणं जमत नाही, मग अंग थरथरायला लागतं, झटके येतात आणि वेळेत इलाज झाला नाही तर मांजर जातं. आणि मांजराला लावलं नाही म्हणजे झालं असंही नाही, कुत्र्याला लावलेलं ओलं असताना मांजर त्याला चिकटून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी तोच धोका. त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचा, परमेथ्रिन दिसलं तर ते घरी आणूच नका, आणि डॉक्टरांना घरात मांजर आहे हे स्वतःहून सांगा कारण दवाखान्यात समोर फक्त कुत्रा असतो. फिप्रोनिल हे गोचीड मारायचं दुसरं औषध, त्याचे थेंब कुत्र्यांचे वेगळे आणि मांजरांचे वेगळे मिळतात, ते वजन सांगून घ्या, आणि ते लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको नाहीतर पैसे पाण्यात.

घरगुती उपायांचं म्हणाल तर खोबरेल तेलात कापूर घालून चोळा, रॉकेल लावा, डेटॉलच्या पाण्याने धुवा असं सगळेच सांगतात, कृपया यातलं काहीही करू नका. दोघंही अंग चाटतात, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं, कापूर पोटात गेला की झटके येऊ शकतात, रॉकेलने कातडी सोलवटते आणि डेटॉल, फिनेल ही मांजरासाठी विषच आहेत. फरशी फिनेलने पुसली, मांजर त्यावरून चाललं आणि मग बसून पंजे चाटले, एवढंही त्याला बाधू शकतं म्हणून आम्ही फिनेल घरातून काढूनच टाकलंय.

आता गोचीड का जात नाहीत ते. तुम्हाला कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडेच असतात, बाकीचे घरात असतात. आपल्याकडे घरात होतो तो तपकिरी गोचीड, तो रक्त पिऊन खाली पडतो आणि भिंतीच्या फटीत, कपाटामागे, पलंगाच्या सांध्यात जाऊन बसतो. मादी तिथेच अंडी घालते, ती पण हजारांत, आणि मोठे गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकतात. म्हणून नुसतं कुत्र्याला धुवून काही होत नाही, त्याची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि ऊन पडलं की वाळत घाला, फटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि अंगावर दिसेनासे झाले तरी औषध दोन तीन महिने चालू ठेवा, कारण अंड्यातून पुढची बॅच निघायची असते.

रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली बोटं फिरवून बघा. सापडला तर ग्लोव्ह्ज घालून चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरा आणि सरळ वर ओढा, पिळायचा नाही, नखाने चिरडायचा तर अजिबात नाही, बुडेल एवढ्या स्पिरिटमध्ये टाका.

अंघोळ लॅबला तीन चार आठवड्यांतून एकदा पुरते. आपला शाम्पू नको, कुत्र्याच्या त्वचेचा पीएच साधारण ७ च्या आसपास असतो, आपला साडेपाच, त्यामुळे आपल्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते. पावसाळ्यातला वास बहुतेक वेळा मळाचा नसतोच, आतली लव ओली राहिल्याचा असतो, आणि वास येतो म्हणून पुन्हा अंघोळ घातली की कुत्रा आणखी ओला. त्यापेक्षा अंघोळीआधी ब्रशने सुटे केस काढा, नंतर जुन्या टॉवेलने आतपर्यंत पुसा, पंख्याखाली बसवा, आणि बाहेरून आल्यावर फक्त पाय धुवून बोटांमधलं कोरडं करा. वास कानातून येत असेल तर ते इन्फेक्शन असू शकतं, इअरबड घालू नका, दाखवून या.

मांजराला अंघोळ जवळजवळ लागतच नाही, ते स्वतःच दिवसभर साफ करत असतं. लांब केसांचं असेल तर रोज विंचरा, नाहीतर पोटाखाली गुठळ्या होतात, आणि त्या कात्रीने कापायला जाऊ नका, मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती गुठळीबरोबर वर येते आणि कापली जाते. मांजर अचानक अंग चाटायचं बंद झालं, केस राठ दिसायला लागले तर ते आजारी आहे असं समजा, घाण झालंय म्हणून धुवायला घेऊ नका.

कुत्र्याने जेवण सोडलं, ताप आहे, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद लाल होतेय, यातलं काहीही गोचीड होऊन गेल्यावर दिसलं तर तो टिक फिव्हर, म्हणजे गोचिडातून होणारा आजार, असू शकतो, मग त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचीड झाले होते हे सांगा आणि रक्त तपासायला सांगा, प्लेटलेट्ससकट. व्हॉट्सअॅपवर कुणी गोळीचं नाव पाठवलं म्हणून घरी सुरू करू नका, आणि माणसांची क्रोसिन तर दोघांनाही नको, मांजराला एका गोळीनेही जीव गमवावा लागतो.