लडाखचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढं बघा

लडाख निवडलंत, फार बरं केलंत. सुरुवातीला बहुतेकांची एकच चूक होते: लेहचे गोम्पा (बौद्ध मठ) बघून सगळा लडाख बौद्ध समजतात. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,74,289. त्यात मुस्लिम सुमारे 46 टक्के, बौद्ध 40. लेहमध्ये बौद्ध जास्त, कारगिलमध्ये मुस्लिम. म्हणून लेह आणि कारगिलचे जनगणनेचे तक्ते वेगवेगळेच वाचा. हिंदूंचा 12 टक्क्यांचा आकडा जपून वापरा, त्यात बाहेरून आलेले जवान आणि मजूर बरेच आहेत.

भाषा सध्या दोनच धरा: लेहकडे लडाखी, कारगिलकडे पुरगी. बाकी नंतर.

पोटापाण्याचं बघताना पर्यटनावर थांबू नका. जव, जर्दाळू, लष्कराची कामं आहेतच. पण चांगथांगच्या उंच पठारावरचे चांगपा मेंढपाळ आवर्जून अभ्यासा. थंडी ओसरली की शेळ्यांच्या अंगावरची मऊ लोकर ते विंचरून काढतात, तीच पश्मीना.