नागपूरला अंगणात पिवळ्या पट्ट्यांचा लहान साप निघाला, विषारी आहे का?

तुम्ही लिहिलंय की कुंडीमागे हातभर लांबीचा, तपकिरी, पाठीवर दोन पिवळट पट्टे असलेला साप दिवसाढवळ्या दिसला. वर्णन नानेटीचं आहे. बिनविषारी. पट्टे डोक्यापासून शेपटीपर्यंत उभे गेलेत का, एवढं मात्र नीट बघा. विषारी मण्यारला पांढरे आडवे पट्टे असतात, अंग काळं चकचकीत असतं आणि ती बहुधा रात्रीच फिरते. नानेटीचं अंग खरखरीत दिसतं, कारण प्रत्येक खवल्याच्या मधोमध बारीक उंच रेघ असते.

आपल्याकडे उन्हाळ्यात ती बिळात दडून राहते. पहिला चांगला पाऊस पडला, बेडूक ओरडायला लागले की बाहेर येते, कारण बेडूक हेच तिचं मुख्य खाणं. अंबाझरी, गोरेवाडा परिसरात ओल्या गवतात मी ती कितीदा पाहिलीय. एकदा एकीला कुत्र्याने अडवलं होतं. तिने अंग फुगवलं आणि खवल्यांमधून सुंदर निळसर रंग दिसला. चावली मात्र नाही. फार गरीब साप आहे हो.

कृपा करून मारू नका. नागिनीचं पिल्लू समजून किती जणी उगाच जीवानिशी जातात, फार वाईट वाटतं. वाट मोकळी ठेवा, ती आपली आपण निघून जाईल. ओळखीबद्दल जराही शंका असली तर हात न लावता, दुरूनच नजर ठेवून सर्पमित्राला बोलवा.