४ लाखांत पळणारी आणि घरच्या कामाची सेकंडहँड गाडी: कोणती घ्यावी, कशी पाहावी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट सगळं धरून ४ लाख, गाव दारव्ह्याकडचं, महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर, घरात पाच माणसं, हंगामात खताच्या बॅगा, कधी कारंज्याहून समृद्धीनं नागपूर. आणि एवढं करून गाडी दाबली की पळाली पाहिजे. तुमच्या मनात पोलो जीटी टीएसआय आहे, घरचे स्विफ्ट डिझेल म्हणतात, मित्र फिगो सुचवतो.

आधी पैशाचं. बजेट ४ लाख असेल तर सौदा सव्वातीन, फार तर ३ लाख ४० हजारांवर थांबवा. उरलेले साठ-पंच्याहत्तर हजार पहिल्या दोन महिन्यांत त्याच गाडीला लागणार आहेत. चार चांगले टायर वीस ते चोवीस हजार, पुढचे शॉकअप, माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश मिळून पंधरा-वीस, बॅटरी पाच-सहा, ऑइल-फिल्टर-कूलंट सहा-सात, वरून विमा आणि नावावर करायचा खर्च. हे सगळे अंदाज आहेत, पण यापेक्षा फार कमी धरू नका. सात-आठ वर्षांच्या गाडीचा दम इंजिनात क्वचित मेलेला असतो. तो मेलेला असतो शॉकअप, बुश, ब्रेक आणि कडक झालेल्या टायरमध्ये. हे चार नवे केलेली ७५ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद) स्विफ्ट पांदणीवरही आणि घाटातही बसलेल्या सस्पेन्शनच्या १०५ पीएसच्या पोलोपेक्षा जास्त विश्वासानं चालते. म्हणून मॉडेलपेक्षा गाडीची हालत आणि ती तुमच्या जवळ दुरुस्त होते की नाही, या दोन गोष्टींवर निवड करा.

पोलो जीटी टीएसआय नको म्हणतो, पण गाडी वाईट आहे म्हणून नाही. १.२ टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम (एनएम म्हणजे ओढण्याचा जोर), चालवायला फार छान. अडचण तिच्या ७ स्पीड डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आहे. त्यातले दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले, फक्त हवेनं थंड होणारे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना बाजाराच्या गर्दीत गाडी सरकवत न्यायची म्हणजे क्लच सतत अर्धवट घासत राहतो. त्याच्या जोडीला मेकाट्रॉनिक युनिट आहे, त्यात ऑइलचा दाब आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच डब्यात बसवलेलं असतं. ते बिघडलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात, रिव्हर्स लागत नाही, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकतात. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि गाडी टोचन करून नागपूरला न्यावी लागते. पोलोच हवी असेल तर मॅन्युअल गिअरची जीटी टीडीआय पाहा, १.५ डिझेल, २५० एनएम. पार्ट महाग आहेत हे धरूनच.

फियाटच्या पुंटो ९० एचपीचं स्टिअरिंग आजही मन खूश करतं, पण फियाट इथे गाड्या विकायची थांबून वर्षं झाली. एका हेडलाइटसाठी महिनाभर शोधाशोध करायची तयारी असेल तरच तिकडे जा. बलेनो आरएस (२०१७ ची, १.० बूस्टरजेट टर्बो पेट्रोल, १०२ पीएस, चारही चाकांना डिस्क) आणि टियागो जेटीपी (११४ पीएस) या दोन्ही फार कमी विकल्या गेल्या. बजेटमध्ये नीट बलेनो आरएस मिळाली तर जरूर पाहा. तिचं बूस्टरजेट इंजिन पुढे २०२३ च्या फ्राँक्समध्येही आलं, त्यामुळे ते पार अनाथ नाही.

उरल्या दोन. २०१५ नंतरची फिगो १.५ टीडीसीआय (डिझेल): १०० पीएस, २१५ एनएम, वजन हजार किलोच्या थोडंच वर, ग्राउंड क्लिअरन्स १७४ मिमी. या पैशात एवढी ताकद दुसरीकडे मिळत नाही. चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओलांडताना गिअर उतरवायची गरजच पडत नाही. २०१७ ची 'स्पोर्ट्स' मिळाली तर तिचं सस्पेन्शन आणखी घट्ट आहे. अडचणी दोन. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवलं. इंजिनाचे पार्ट फारसे अडत नाहीत, कारण हेच इंजिन अ‍ॅस्पायर आणि इकोस्पोर्टमध्ये होतं. बंपर, हेडलाइट, मागची काच यांना मात्र वाट पाहावी लागते. दुसरी अडचण टायमिंग बेल्टची. तो लाख किलोमीटरच्या आसपास किंवा गाडी आठ-दहा वर्षांची झाली की बदलायचाच. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून तेवढे पैसे भावातून तोडा. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही टाका, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि मजुरी दोनदा कशाला द्यायची.

स्विफ्ट डिझेल, १.३, ७५ पीएस, १९० एनएम. बेल्ट नाही, चेन आहे. १८००-२००० आरपीएमच्या खाली सुस्त, वर गेली की एकदम ओढते, त्यामुळे गिअर हातात ठेवून चालवायला मजा येते. तालुक्याचा प्रत्येक मेकॅनिक हे इंजिन डोळे झाकून उघडतो, कारण हेच डिझायर, रिट्झ, अर्टिगा आणि टाटाच्या विस्टातही होतं. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन सैल पडते. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड ऐकू आली तर चेन किटचा खर्च धरा. २०१८ नंतरची स्विफ्ट वजनानं हलकी आणि वळणावर जास्त चपळ आहे, डिक्कीही २६८ लिटरची, आधीची २०४ च्या आसपास. मात्र त्या मॉडेलचं डिझेल २०२० मध्ये बंद झालं, म्हणून चांगल्या गाडीला भाव चढा असतो.

तुमचं फिरणं पाहता डिझेलच घ्या. महिन्याला ११०० किलोमीटर, पेट्रोल गाडीचा अ‍ॅव्हरेज १५ आणि डिझेलचा २० धरला तर ७३ लिटर पेट्रोल की ५५ लिटर डिझेल, असा हिशेब आहे. आजच्या भावानं महिन्याला अडीच हजारांच्या आसपास वाचतात. बीएस-४ काळातल्या (२०२० आधीच्या) या दोन्ही गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नाही, त्यामुळे गाव ते तालुका अशा छोट्या फेऱ्यांनी तो चोंदायची भानगड नाही. माझी पहिली पसंती फिगो डिझेल, बेल्टच्या बिलासकट. बंपरसाठी थांबायची तयारी नसेल, किंवा घरात गाडी चालवणारे तिघे-चौघे असतील, तर स्विफ्ट.

आता तपासणी. यात घाई करू नका, निम्मे पैसे इथेच वाचतात. सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी चालू करू नको. बोनेटला हात लावा. इंजिन गरम असेल तर काहीतरी लपवलं जातंय, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू करताना पांढरा धूर निघून मिनिटभरात थांबला नाही तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर पाहावे लागतील. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथून सरळ निघून या. जोरात रेस दिल्यावर थोडा काळा धूर चालतो, ढग नको.

इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि भोकातून धुराचे भपकारे येत असतील, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर झिजलेत. टर्बोच्या पाइपाला ऑइलचा ओलावा थोडा असतोच, थेंब गळत असतील तर टर्बोचे सील गेले.

कूलंटची टाकी उघडून पाहा (इंजिन थंड असतानाच). आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास ओततात. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदतात, मग उन्हाळ्यात गाडी तापते, आणि मग कोणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन ठराविक तापमानावर ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो. असं केलेली गाडी ओळखायची खूण: दहा मिनिटं चालवूनही टेंपरेचर चढत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना आणखी खाली येतं. इंजिन कायम थंड चालल्यानं डिझेल जास्त खातं आणि झिजही वाढते. पाणी तांबूस असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंटचे पाच-सात हजार धरा. पाण्यावर ऑइलचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचं काम, सोडून द्या. एसी मात्र सकाळी तपासून उपयोग नाही. भर दुपारी, उन्हात, गाडी उभी ठेवून दहा मिनिटं चालवा. उभ्या गाडीत थंडावा कमी होत असेल तर कंडेन्सर धुळीनं भरलाय किंवा फॅन मेलाय. वणी-चंद्रपूरकडच्या गाड्यांत कोळशाची धूळ कंडेन्सरच्या जाळीत घट्ट बसलेली असते.

पुढच्या बाजूला जास्त वेळ द्या. आपल्या रस्त्यांवर रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात, आणि तशी धडक बसलेल्या गाड्या रंगवून विकायला येतात. रेडिएटर ज्या पट्टीला टांगलेला असतो ती सरळ आहे का, दोन्ही बाजूंच्या अ‍ॅप्रनवर (बोनेटखालच्या आतल्या पत्र्यावर) कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड एकसारखे आहेत का, बोनेटच्या बोल्टचा रंग उडालाय का, डाव्या-उजव्या हेडलाइटवरचं वर्ष एकच आहे का, हे पाहा. नुसता बंपर बदललेला असणं गुन्हा नाही. चाबी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर बॅग फुटून गेलेली असू शकते.

नागपूरची गाडी असेल तर पाण्यात बुडाली होती का, ते तपासा. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीच्या पुरात अंबाझरी आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेली माती, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर, यातलं एकही सापडलं तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. गोठ्यात, वावरात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरिंग असते. बोनेटखाली जागोजाग काळी टेप दिसली की स्कॅनर लावूनच पुढचं बोला.

चालवून पाहताना गाणी बंद, काचा वर. फुटक्या रस्त्यावर २० च्या वेगानं न्या. टक-टक आवाज स्टॅबिलायझर लिंकचा, स्वस्तातलं काम. धप्प असा जड आवाज शॉकअप-माउंटिंगचा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कट-कट झालं तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. ३० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही तर क्लच प्लेट संपली.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ च्या २३ व्या आठवड्यातला. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही दिसू दे, समृद्धीवर नेऊ नका. १२० ची मर्यादा, तापलेलं काँक्रीट आणि उन्हात कडक झालेलं रबर, तिथे टायर फुटला तर गाडी सावरत नाही. मीटर ९० हजार दाखवतंय आणि टायर पहिलेच आहेत म्हणतात, पण त्यांचं साल गाडीच्या सालापेक्षा चार वर्षं नवं, तर बोलणं खोटं आहे, आणि मीटरवरही शंका घ्या. सर्व्हिसची बिलं आणि जुन्या पीयूसी पावत्यांशी ताडून पाहा.

गाडी आल्यावर ती 'स्पोर्टी' करायच्या नादात मोठे अलॉय टाकू नका. स्विफ्टचा १८५/६५ आर१५ टायर काढून १९५/५० आर१६ बसवला तर टायरची भिंत १२० मिमीवरून ९७ वर येते आणि गाडी १० मिमी खाली बसते. पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकतो आणि काळ्या मातीच्या चाकोरीत पोट घासतं. तेच पैसे चांगल्या कंपनीच्या मूळ मापाच्या टायरवर आणि ब्रेक पॅडवर घाला. युरियाची बॅग ४५ किलोची, चार टाकल्या की १८० किलो डिक्कीत. त्या दिवशी दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा मागच्या टायरमध्ये भरा. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी टाळाच, क्लच आणि टर्बोचं आयुष्य त्यात आधीच खर्ची पडलेलं असतं.

कागदांत पहिली गोष्ट आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. तेलंगण, छत्तीसगड, मध्यप्रदेश किंवा दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बहुतेक संपते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) प्लेट बसलेली आहे का पाहा, आणि ई-चलान बाकी असेल तर मालकाकडून भरून घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, म्हणून हप्ता थोडा वाढेल. आणि गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सह्यांनी करा, म्हणजे त्या वेळेआधीचं चलान किंवा अपघात तुमच्या गळ्यात पडत नाही.