मोराचा पिसारा अन् तीस रंग

ताई, क्रॉस स्टिचने, म्हणजे फुलीच्या टाक्यांनी भरायला पैठणीच्या मोराचा तीस रंगांचा चार्ट (घराघरांचा नकाशा) घेतलात ना, मग एकेक रंग कापडभर शोधत भरू नका. लांबलांबच्या सुट्या घरांत मोजणी हमखास चुकते, आणि एक घर सरकलं की पिसाऱ्यावरचा डोळाच वाकडा होतो. आधी पाण्याने जाणाऱ्या पेनाने दर 10 घरांवर रेघा आखा. धुण्याआधी इस्त्री मात्र अजिबात नको, उष्णतेने रेघ पक्की बसते.

मग 10 गुणिले 10 चा एकेक चौकोन पुरा करा. त्या चौकोनातलं एका रंगाचं काम संपलं की धागा कापू नका. तोच रंग शेजारच्या चौकोनात जिथं लागेल, त्या घराच्या कोपऱ्यातून वर काढून तिथंच लोंबता ठेवा. पुढचं घर तीन-चार घरांपेक्षा लांब असेल तर टाक्यांखालून सरकवून कापाच. गडद धागा मोकळ्या कापडातून दिसतो.

एकट्यादुकट्या टाक्यांना गाठ नको. 14 काउंटवर, म्हणजे इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर, धाग्याचे दोन पदर लागतात, म्हणून 90 सेंटिमीटरचा एकच पदर दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा आणि मागचा फासा पहिल्याच टाक्यात अडकवा.

जांभळ्याच्या शेजारशेजारच्या छटा रात्री सारख्याच दिसतात. त्या दिवसा, खिडकीपाशी भरा.