टबातल्या शिंपल्याला माग ऐकू येतो, स्पीकर नाही

प्रश्न: आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. भीमेतून आणलेले चार शिंपले प्रयोगशाळेत टबात ठेवलेत. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की ते मिटतात, पण टबाजवळ मोठ्याने स्पीकर लावला तरी ढिम्म! समुद्रातल्या कालवांना ऐकू येतं म्हणतात, मग यांचं असं का?
– विज्ञान शिक्षिका, सोलापूर

उत्तर: स्पीकरचा आवाज हवेतून येतो आणि पाण्यावर आपटून परत फिरतो, त्यातली हजारातला एक भाग ऊर्जा जेमतेम आत शिरते. मागाचा ठोका मात्र फरशी, टेबल, टब, वाळू या वाटेने थेट शिंपल्यापर्यंत पोचतो.

कालवाचंही तसंच. त्याला कानाचा पडदा नाही, हवेची पिशवीही नाही. त्यामुळे ध्वनीचा दाब नव्हे, तर पाण्याचं आणि तळाचं हलणं त्याला कळतं. हे काम संतुलनपुटी करत असावी, असं मानतात. ही द्रवाने भरलेली बारीक पिशवी. आतून केसाळ पेशी आणि मध्ये कण. शरीर हललं की कण मागे रेंगाळतो आणि केस वाकतात.

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2017 मध्ये पॅसिफिक कालवांच्या कवचांवर हलके इलेक्ट्रोड चिकटवून त्यांची उघडझाप मोजली. साधारण 10 ते 1000 हर्ट्झच्या आवाजांना ती मिटली, सर्वांत सहज 10 ते 200 हर्ट्झला. जहाजाच्या इंजिनाची घरघर नेमकी याच पट्ट्यात येते. मिटणं महागात पडतं, कारण श्वास आणि अन्न दोन्ही कल्ल्यांतून जाणाऱ्या पाण्यावरच. पिल्लांचं उलटंच: कालवांच्या खडकाचा गजबजाट ऐकून ती तिथे वस्तीला येतात. ऑस्ट्रेलियात त्यासाठी पाण्याखाली स्पीकर लावून पाहिलेत.

वर्गात करून बघा. टबात चार बोटं वाळू, वर रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी (क्लोरीन उडायला हवा). शिंपले उघडेपर्यंत थांबा. मग टेबलावर 10 सेंटिमीटरवरून खोडरबर टाका, म्हणजे ठोका दरवेळी सारखाच पडेल. नंतर टबाखाली दोन इंच फोम घालून तेच करा.

फसगत बहुधा सावलीमुळे होते. वाकून बघितलं की सावलीनेच शिंपले मिटतात आणि श्रेय खोडरबराला जातं! मोबाईल स्टँडवर लावून चित्रण करा, आणि अधूनमधून हात तसाच न्या पण खोडरबर टाकू नका. दोन ठोक्यांत 10 मिनिटं जाऊ द्या, नाहीतर शिंपले सरावतात. मागाचंही तेच: पाळी सुरू होऊन बराच वेळ झाला की ते पुन्हा उघडलेले दिसतील.

हर्ट्झचे आकडे मात्र टबात काढू नका. पाण्यात 100 हर्ट्झची लाट 15 मीटर लांब असते, तुमचा टब हातभर. शिवाय मोबाईलच्या स्पीकरला इतका खर्ज झेपतच नाही.

प्रश्न: मालवणहून आणलेलं कालव उघडं दिसलं तर टाकून द्यायचं का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: आधी कवचावर टकटक करा. जिवंत असेल तर मिटतं, थंडीने गारठलेलं असेल तर सावकाश. कवच उघडायला बिजागरीचा ताण पुरतो, मिटायला मात्र जिवंत स्नायू लागतो. टकटक करूनही मिटलं नाही तर फेकून द्या. आणताना ओल्या गोणपाटात, बर्फाच्या गारव्यात आणा. गोड्या पाण्यात बुडवलंत तर वाटेतच मरेल.